आबांच्या हृदयाचं वेळापत्रक

आमच्या अपार्टमेंटमध्ये आधी कोण मरणार हे शोधून काढायचा माझा अजिबात विचार नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या यमुताई अजूनही लिफ्टमध्ये भेटल्या की, "काय वं दीप्ती, आता कोणाचा नंबर?" असं विचारतात. तेही चार माणसांसमोर.

मला फक्त विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प हवा होता. वर्गातल्या निम्म्या मुलींनी ज्वालामुखी घेतला होता, म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. उरलेल्या निम्म्यांनी पावसाचं पाणी साठवायला घेतलं होतं. मागच्या वर्षीपर्यंत मी दुसऱ्याच्या ज्वालामुखीमागे तक्ता धरून उभी राहणारी मुलगी होते. या वर्षी वक्तृत्वात दुसरा नंबर आला, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून माझं तोंड बंद झालेलं नाही. अशा मुलीनं सोड्यावर समाधान मानणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी विषय दिला: 'शरीरातला दाह, हृदयाच्या ठोक्यांमधली तफावत आणि मृत्यूचा धोका'.

विज्ञानाच्या काजल मॅडमनी तो दोनदा वाचला.

"यात मॉडेल कुठे आहे?"

"मॅडम, मॉडेल म्हणजे माणसं."

"बरं," मॅडम म्हणाल्या, "प्रदर्शनापर्यंत जिवंत राहतील एवढं बघ."

मुख्याध्यापकांनी मात्र 'मृत्यू' हा शब्द कापला. प्रमुख पाहुणे वयस्कर आहेत, ते दारातच हा शब्द वाचतील, हे कारण. मग 'दीर्घायुष्य' लिहिलं. तेही नको, कारण पाहुण्यांना टोमणा वाटेल. शेवटी 'आरोग्य' या शब्दावर सगळ्यांचं एकमत झालं. या शब्दाचा फायदा असा, की त्यातून कोणालाच काही कळत नाही.

विषय तसा सोपा आहे. घड्याळ टिकटिक एकसारखं चालतं, हृदय तसं चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांब जातात. दोन ठोक्यांमधल्या अंतरात अशी बारीक तफावत असणं चांगलं. त्याचा अर्थ शरीर प्रसंग पाहून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर वापरतंय. तफावत फार कमी असेल तर गाडी एकाच गिअरमध्ये अडकलेली. दुसरी गोष्ट रक्तातलं सीआरपी नावाचं प्रथिन. शरीरात कुठेतरी दाह, म्हणजे सूज-आग चालू असली की ते वाढतं. संशोधकांनी हजारो माणसांना वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा ज्यांची तफावत कमी आणि सीआरपी जास्त, त्यांच्यात लवकर मरण येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. या दोन गोष्टी आपसात बोलतातही. मेंदूपासून थेट पोटापर्यंत जाणारी एक नस हृदयाला ब्रेक लावते, आणि तीच दाहालाही आवर घालते असं मानतात. मला हे वाचून भल्लं भारी वाटलं. एक नस, दोन कामं, आणि पगार काहीच नाही. अगदी आमच्या आईसारखी.

मोजायला छातीचा पट्टा मिळाला माझ्या चुलतभावाकडून. प्रीतमदादा मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मॅरेथॉन धावायचं ठरवून त्यानं बूट आणि पट्टा घेतला होता, आणि दोन्ही अजून डब्यात होते. पट्टा ओला करून उघड्या छातीवर बांधायचा, मोबाइलला जोडायचा, आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. पहिल्यांदा दादाचंच मोजलं. आकडा छान आला. मग आबा.

आबा म्हणजे माझे आजोबा, धोंडबा. रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली तरी घरात सगळं वेळापत्रकानं चालतं. चहा उशिरा आला तर "किती मिनिट लेट?" असं विचारतात. रविवारी विहारात वंदनेला निघताना आई केस बांधत असेल तर दारात उभं राहून शिट्टी वाजवतात. खरी शिट्टी, रेल्वेतली.

पट्टा बांधून आबा असे ताठ बसले, की फोटोच काढायचा आहे. आकडा आला दादाच्या पावपट.

"काय झालं वं?"

"आबा, तुमच्या ठोक्यांमध्ये फरकच नाही. सगळे सारख्या अंतरावर."

"म्हणजे टायमावर चालून राहिलं," आबा खुश झाले. "जिंदगीभर माझी गाडी माझ्यामुळं लेट नाही झाली."

"तसं नाही आबा. फरक असला पाहिजे. फरक नसला तर वाईट."

"काहून वाईट? शिस्त काहून वाईट?"

इथे मी एखादं साधं वाक्य बोलायला हवं होतं. पण वक्तृत्वातला दुसरा नंबर माझ्या अंगात संचारला. मी उभी राहिले, हात पुढे केला आणि म्हणाले, "संशोधन असं सांगतं की ज्यांची तफावत कमी, त्यांना मृत्यूचा धोका अधिक!" नेमक्या त्याच क्षणी दही मागायला आलेल्या यमुताई वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या.

दही न घेताच त्या परत गेल्या. यावरूनच मला समजायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं की धोंडबाजींचं मशीनवर निघालं. काय निघालं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण उपाय सगळ्यांकडे होता. कोणी अर्जुनाची साल आणून दिली, कोणी लसणाच्या पाकळ्या. यमुताईंनी तर्री-पोहे कायमचे बंद करायला सांगितले आणि स्वतः लाडूंचा डबा आणला. "खाऊन घ्या, धोंडबाभाऊ," त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो आवाज मी फक्त दवाखान्यात ऐकला आहे.

"मले काही नाही झालं, यमुबाई," आबा म्हणाले.

"असंच वाटते सुरुवातीले," यमुताई म्हणाल्या.

मग तळमजल्यावरचे मनोहरराव आले. मनोहरराव सोसायटीचे सचिव. त्यांचं आणि आबांचं जुनं आहे. भांडण नाही, पण बरोबरीचं वय आहे, आणि मनोहररावांना कवळी आहे. आबांचे दात सगळे ओरिजनल. दर हिवाळ्यात अपार्टमेंटच्या हुरडा पार्टीत आबा सगळ्यांसमोर ऊस दातांनी सोलतात आणि सोलताना मनोहररावांकडे बघतात. एका प्रजासत्ताक दिनाला झेंड्याखाली भाषण करताना 'बंधू आणि भगिनींनो' म्हणताच मनोहररावांची कवळी निम्मी बाहेर आली. तेव्हा आबा मागून ओरडले होते, "सिग्नल पडला! गाडी सोडा!" ते वाक्य अपार्टमेंट अजून विसरलेलं नाही. मनोहरराव तर मुळीच नाहीत.

तर मनोहरराव सोफ्यावर बसले, आबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काही राहून गेलं असंन तर सांगा गा, धोंडबाजी. आम्ही आहोत."

"चहा राहिला," आबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या आईला हाक मारली. "माया, यायले दे आणि लवकर पाठव."

पण मनोहरराव पाठवल्यानं जाणारे नव्हेत. त्यांना स्वतःचं मोजून हवं होतं. मी म्हटलं, "काका, पट्टा उघड्या छातीवर बांधावा लागतो." त्यावर ते इतके लाजले की मलाच लाज वाटली. पोरीबाळींसमोर बनियन काढणाऱ्यातला माणूस नाही मी, असं म्हणून त्यांनी पट्टा बनियनवरूनच आवळला. मी तोंड भिंतीकडे करून उभी होते, त्यामुळे माझी या प्रकरणात काही जबाबदारी नाही असं मला तेव्हा वाटलं.

आकडा आला प्रीतमदादाच्या दुप्पट.

मनोहररावांनी त्याच संध्याकाळी पेढे वाटले. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीच्या सूचनेशेजारी 'सचिवांचे हृदय तरुणाचे' असा कागद लागला. अक्षर त्यांचंच होतं.

या आनंदात त्यांनी रक्ततपासणी शिबिर जाहीर केलं. माझ्या प्रकल्पाला सीआरपी हवंच होतं, त्यामुळे मी नाचायलाच लागले. सभागृहासाठी मात्र सचिवांच्या नावे तीन प्रतींत अर्ज लागतो. अर्ज मनोहररावांनी लिहिला, मनोहररावांना दिला, आणि मनोहररावांनी त्यात एक चूक काढून परत केला. नियम म्हणजे नियम. दुसऱ्यांदा तो मंजूर झाला.

शिबिर झालं. मनोहररावांचं सीआरपी व्यवस्थित, यमुताईंचंही. आबांचं असायला हवं त्याच्या चौपट.

आता घरात कोणी हसेना. वर्ध्याला नोकरीला असलेले बाबा आठवड्याच्या मध्येच आले आणि "सहजच" म्हणाले. रामटेकचे नातेवाईक आले, तेही सहजच. इतकी माणसं सहजच एका घरात जमली, की शेवटी खुर्च्या खालून आणाव्या लागल्या. आणि खालच्या खुर्च्या वर जाताना पाहून यमुताईंनी जिन्यातच पदर डोळ्यांना लावला. आईनं त्यांना, "अवं, चहासाठी नेऊन राहिलो खुर्च्या!" असं ओरडून सांगितलं, पण तोवर बातमी पुढे गेली होती.

डॉक्टरांकडे आबांसोबत मीही गेले. आमचे नेहमीचेच डॉक्टर. मी प्रकल्पाची फाइल पुढे केली. त्यांनी तफावतीचा आकडा पाहिला आणि विचारलं, "हे कमी आहे असं तू कशावरून ठरवलंस?"

"प्रीतमदादाच्या आकड्यावरून."

"त्याचं वय?"

"सव्वीस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तफावत वयानुसार कमी होते, आबांचा आकडा त्यांच्या वयाला ठीकच आहे, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. आवाज हळू होता, पण बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्याचं मी पाहिलं. सीआरपीचं मात्र त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. "घरात आग आहे एवढं हे सांगतं. कोणत्या खोलीत, ते नाही सांगत. खोकला? लघवीला जळजळ? सांधे?"

"काहीच नाही," आबा म्हणाले. "एकदम फिट."

डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या.

त्या दुपारी पाहुणे जेवून लवंडले होते. मी गॅलरीत तक्ता रंगवत होते. आबा आले, शेजारी खुर्ची ओढून बसले आणि खिशातून फुटाण्यांची पुडी काढून माझ्या हातात दिली. हे त्यांचं नेहमीचं. गेले काही आठवडे तर घरातली प्रत्येक चांगली गोष्ट आबा मला देत होते. चकली, शेंगदाण्याची चिक्की, यमुताईंचे लाडू. मी सगळं खाल्लं होतं. दहावीची मुलगी आहे, मेंदूला लागतं.

"दीपू," आबा खालच्या आवाजात म्हणाले, "किती दिस राहिले वं? खरं सांग. तू मोजलं ना."

मी ब्रश ठेवला. "आबा, तसं नसते ते. हे हजारो माणसांचं आहे. हजारांत किती, एवढंच कळते. एका माणसाचं नाही सांगता येत."

"मंग मले काहून लावला पट्टा?"

वक्तृत्वात वेळेच्या आधी बोलणं संपलं तर गुण कापतात. माझं सुरूच झालं नाही. पाठ होते तेवढे सगळे मुद्दे डोक्यात होते आणि त्यातला एकही आबांना सांगण्यासारखा नव्हता. त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि बोटं हलत होती, झेंडी गुंडाळताना गार्डची हलतात तशी.

काहीतरी करायचं म्हणून मी पुडी उघडली, एक फुटाणा तोंडात टाकला आणि दुसरा आबांपुढे धरला.

"नको. तू खा."

"एकच."

"तुले आवडतात ना. खा."

आणि माझं चावणं थांबलं. मला आवडतात? फुटाणे तर आबांना आवडतात. ते घेतल्याशिवाय आबा कधी फिरून घरी आले नाहीत, आणि पूर्वी जिन्यातच निम्मी पुडी संपलेली असायची. चकलीसाठी आबा माझ्याशी भांडायचे. चिक्की तर कपाटात लपवायचे. मी समजत होते की मी मोठी झाले, हुशार झाले, म्हणून आबांचं माझ्यावरचं प्रेम वाढलं. आणि गेल्या महिन्यात सीताबर्डीहून आणलेली संत्रा बर्फी? ती मऊ असते. तिच्यातला एक तुकडा मला मिळाला नव्हता.

"आबा," मी म्हटलं, "तोंड उघडा."

"काहून?"

"उघडा म्हणते ना."

"तू काय डॉक्टर आहेस का बे?" 'बे' हे पोरांना म्हणायचं; आबा मला 'बे' म्हणाले म्हणजे फार घाबरले होते. मी मोबाइलचा टॉर्च लावला. उजवीकडे मागची दाढ काळी पडलेली, आणि तिच्याभोवतीची हिरडी टच्च सुजून लाल. बघूनच माझी दाढ दुखायला लागली.

"कधीपासून?"

"बरेच दिस झाले."

"आणि तुम्ही डॉक्टरले काहीच नाही म्हटलं? अख्खं रामटेक घरात येऊन बसलं, आबा!"

आबांनी गॅलरीतून खाली पाहिलं. खाली मनोहरराव सोसायटीच्या झाडांना पाणी घालत होते.

"मनोहरले सांगू नको," आबा म्हणाले.

मरणाला तयार होते, खुर्च्या वर आल्या तरी बोलले नाहीत, आणि घाबरले कोणाला, तर कवळीच्या मनोहररावांना. पण मला हसू आलं नाही. तुलना सव्वीस वर्षांच्या मुलाशी केली हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर काढलं, तेव्हा मलाही पायांखालच्या फरशीतच शिरावंसं वाटलं होतं.

मी आईला सांगितलं, फक्त आईला. आईनं कपाळावर हात मारला, आधी रडली, मग हसली, आणि मग अडचण सांगितली. तिला दातांची एकच डॉक्टर ठाऊक होती: मनोहररावांची. त्यांच्याशिवाय या अपार्टमेंटमध्ये कोणाला दातांचं काही कळत नव्हतं. नंबर तर त्यांच्याकडूनच घ्यावा लागणार. असं आबांचं गुपित दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर पोचलं, आणि तेही मीच नेऊन पोचवलं.

मनोहररावांनी काही विचारलं नाही. आत गेले आणि गाडीची किल्ली घेऊन आले.

दातांचा दवाखाना सीताबर्डीला होता. व्हरायटी चौकात सिग्नल लागला, तेव्हा आबांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले. मनोहरराव सिग्नलकडे बघत होते आणि त्यांच्या मिश्या हलत होत्या, पण ते बोलले नाहीत.

दवाखान्यात बाकावर आबांना राहवेना. "बोला न गा, मनोहरराव. म्हणून टाका एकदाचं."

"काय म्हणू?"

"तुमाले माहीत आहे काय ते."

मनोहरराव हळूच म्हणाले, "माझा पहिला दात काढला ना, धोंडबाजी, तवा मी बाहेर येऊन रडलो होतो. याच बाकावर. बायकोले म्हटलं, डोळ्यात धूळ गेली."

आत बोलावलं तेव्हा आबांनी चष्मा काढून मनोहररावांच्या हातात दिला, माझ्या नाही.

आत बराच वेळ लागला. दाढेखाली पू झाला होता. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, या वयात हे अंगावर काढणं चांगलं नाही, रक्तातला सगळा गोंधळ याचाच असू शकतो, औषधं घ्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. आबा बाहेर आले ते तोंडात कापूस, गाल फुगलेला आणि मान ताठ. एक शब्द बोलता येत नव्हता.

मनोहररावांनी चष्मा पुसला, आबांच्या नाकावर नीट बसवला, एक पाऊल मागे सरकले आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असे ओरडले:

"सिग्नल पडला! गाडी सोडा!"

आबा कापसातून हसले. डॉक्टरीण बाई धावत बाहेर आल्या आणि हसू नका म्हणून दोघांना रागावल्या.

पुढचं थोडक्यात. औषधं संपल्यावर सीआरपी खाली आलं, पार सरळ माणसासारखं. ठोक्यांची तफावत होती तिथेच राहिली. डॉक्टरांना चालते, त्यामुळे मलाही चालते. प्रदर्शनाच्या आधी प्रीतमदादानं माझी आकडेवारी पाहिली आणि विचारलं, हा दुप्पट आकडा कोणाचा? मी बनियनचं सांगितलं. तो पोट धरून हसला. कोरड्या कापडावरून पट्टा बांधला तर तो ठोकेच चुकवतो, आणि चुकलेल्या ठोक्यांची तफावत प्रचंड दिसते. म्हणजे मनोहररावांचं तरुण हृदय त्यांच्या बनियनचं होतं.

मी नोटीस बोर्डाकडे निघाले होते. आबांनी हात धरला.

"तक्त्यातून काढून टाक," ते म्हणाले. "जिन्यात सांगू नको."

"पण आबा, विज्ञान..."

"विज्ञान तक्त्यात ठेव ना."

म्हणून तक्त्यात तो आकडा नाही, आणि नोटीस बोर्डावर तो कागद अजून आहे. परीक्षकांनी मला विचारलं, निष्कर्ष काय? मी सांगितलं, आकडा घराला आग लागल्याचं सांगतो, पण खोली आपल्यालाच शोधावी लागते, आणि घरातल्या माणसाला विचारून शोधावी लागते. प्रमुख पाहुण्यांनी स्वतःचा गाल चाचपून पाहिला. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला नंबर ज्वालामुखीला.

हुरडा पार्टीत या वर्षी आबांनी ऊस डावीकडून सोलला. मनोहररावांनी टाळ्या वाजवल्या. आणि आता आबा मला फुटाणे देत नाहीत. रोज संध्याकाळी गॅलरीत बसून पुडी उघडतात आणि एकटेच खातात, कडाकडा आवाज करत, खाली मनोहररावांना ऐकू जाईल असे. मी हात पुढे केला की म्हणतात, "जा वं, तुझे तू आण."